गणपतीआधी नको, दिवाळीनंतर: जुन्या गाडीच्या रेक्झिन पॅनलना पुन्हा रंग चढवताना

कोकणात जुन्या गाडीची आठवण नेमकी श्रावणात येते. चाकरमानी यायचे असतात, गणपती आणायला पद्मिनी नाहीतर अॅम्बेसेडर मांगरातून बाहेर काढली जाते आणि दार उघडल्यावर आतलं रेक्झिन फिकट, डागाळलेलं, खालच्या कडेला बुरशीने काळं पडलेलं दिसतं. मग घाईघाईने स्प्रेचा कॅन येतो, दोन दिवसांत पॅनल चकाचक होतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. दोष कॅनला दिला जातो. रंग बहुधा बराच असतो. मुहूर्त चुकलेला असतो आणि रंगाखालचं काम झालेलं नसतं.

इथे फक्त पॅनलबद्दल लिहितो आहे: चार दारं, मागच्या सीटच्या बाजूच्या पट्ट्या, पायाजवळचे तुकडे. सीट यात धरू नका. सीटवर माणूस बसतो, घसरतो, घामाने ती भिजते. तिथे घरी मारलेला रंग टिकवणं अवघड. सीटचं रेक्झिन गेलं असेल तर सरळ कुशनवाल्याकडे जा.

रंगवायचं की बदलायचं

डब्यावर ‘व्हिनाइल डाय’ लिहिलेलं असलं तरी कापड रंगवताना रंग धाग्यात मुरतो तसं इथे होत नाही. हा खरं तर अतिशय पातळ, लवचिक लेप. त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं आणि उडून जाणारं द्रव, रेक्झिनचा वरचा थर क्षणभर मऊ करतं, रंगातलं रेझिन, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, त्यात रुतून बसतं आणि सॉल्व्हंट उडून गेलं की दोन्ही एकजीव होतात. म्हणून चांगल्या कामात रेक्झिनचे दाणे जसेच्या तसे दिसतात आणि हाताला रंग मारल्याचं जाणवत नाही. पण पकडायला खाली जिवंत रेक्झिन हवं.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं पीव्हीसी, डब्यावरचं ‘व्हिनाइल’ ते हेच. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घातलेलं असतं. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की ते हळूहळू बाहेर येतं. उन्हात उभ्या गाडीच्या काचेला आतून जो धुरकट, चिकट थर बसतो त्यात याचा मोठा वाटा असतो. ते बरंच निघून गेलं की रेक्झिन आधी ताठ होतं, मग तडकतं. पॅनलच्या मागे दुमडलेली कड थोडी मोकळी करा आणि बोटांनी वाकवून बघा. सहज वाकली तर रंगवा. वाकवताना पांढरी रेघ उमटली किंवा कट्कन तुटली तर रंगाचे पैसे वाचवा आणि नवं रेक्झिन लावा. कुर्ल्याच्या कारखान्यातली शेवटची पद्मिनी बाहेर पडली त्यालाही आता पाव शतक झालं, आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर २०१४ मध्ये थांबली. तेव्हा मूळ रेक्झिन वाकत असेल तर ते जपण्यासारखं आहे.

हँडलभोवतीच्या वाट्या, आर्मरेस्ट, डॅशवरचे तुकडे असे कडक प्लास्टिकचे भाग वेगळे काढा. त्यातल्या काही जातींवर, विशेषतः पॉलिप्रॉपिलीनवर, आधी अॅडहिजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, मारल्याशिवाय कुठलाच रंग धरत नाही. नख लावलं की सालपट निघतं.

मुहूर्त

दक्षिण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात हवेतली आर्द्रता दिवसाही बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. सॉल्व्हंट भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि ओल्या रंगात अडकतं. मग काळ्या किंवा तपकिरी रंगावर दुधाळ पांढुरकेपणा येतो. पेंटर याला रंग ‘पांढरा पडला’ म्हणतात आणि पावसाळ्यात थिनरऐवजी हळू उडणारा रिटार्डर वापरून वेळ मारून नेतात. स्प्रे गनने रंग मारणाऱ्याला ते जमतं. कॅनमध्ये तुम्ही काहीच मिसळू शकत नाही.

म्हणून दिवाळी उरकल्यावर काम काढा आणि शिमग्याच्या आधी संपवा. किनाऱ्यालगत राहत असाल तर दिवसातली वेळही निवडावी लागते. पहाटेचं दंव उतरेपर्यंत, म्हणजे साधारण दहापर्यंत, थांबा. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. त्यांच्याबरोबर ओल येते, मीठ येतं, अंगणातली लाल धूळ येते. दहा ते एक हा खरा वेळ. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ काही शे रुपयांत मिळतं, ते पॅनलजवळ ठेवा. पासष्टच्या खाली काटा आला की सुरुवात करा. रंग सावलीत मारायचा. उन्हात तापलेल्या रेक्झिनवर तो बसण्याआधीच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो.

पॅनल उतरवा, आणि उलटं करून बघा

गाडीतच कागद चिकटवून रंग मारायचा मोह होतो. करू नका. कडा राहतात, वाफ आत कोंडते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅनलची मागची बाजू दिसत नाही. कोकणातल्या गाडीत दुखणं तिथे असतं.

काच फिरवायचं हँडल आधी काढा. काही गाड्यांत हँडलमागची चकती आत दाबली की आडवी पिन दिसते, ती बारीक पंचने ठोकून काढायची. काहींत घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते, ती मागून फडकं ओढून निसटवता येते. आर्मरेस्टचे स्क्रू, आतल्या हँडलची वाटी, लॉकची खुंटी असं एकेक काढून प्रत्येक दाराचं सामान वेगळ्या पिशवीत टाका. उजवीकडचे स्क्रू डावीकडे बसत नाहीत असा अनुभव जुन्या गाड्यांत नेहमीचा. मग पॅनल दाराला धरून ठेवणाऱ्या प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी प्लास्टिकची पट्टी सरकवा आणि उचला. क्लिपपासून लांब उचललंत तर हार्डबोर्ड भोकाशी फाटतो.

आता पॅनल उलटं करा. या पिढीच्या बहुतेक गाड्यांत हार्डबोर्डवर रेक्झिन ताणून मागे दुमडलेलं असतं. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतं, ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी रचना असते. आपल्याकडे ती भोकं लाल माती, सुरूच्या काड्या आणि आंब्याच्या मोहोराने बुजतात. पाणी आत साचतं, हार्डबोर्ड ते पितो आणि खालची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगते. बुरशी तिथूनच वर चढते. ती मागून जिवंत असताना पुढून कितीही सुंदर रंग मारा, पहिल्या पावसात डाग परत येणार.

तेव्हा रंगाचा कॅन हातात घेण्याआधी एवढं करा. दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली निघतं का बघा. आतल्या पत्र्यावर गंज असेल तर घासून रेड ऑक्साइड हा गंज रोखणारा रंग मारा. दाराच्या सांगाड्यावर पूर्वी प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असायचा. तो फाटला असेल, किंवा कुणा मेकॅनिकने काच दुरुस्त करताना फेकून दिला असेल, तर जाड प्लास्टिक नव्याने चिकटवा आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडा. बाहेर सोडलीत तर पाणी थेट पॅनलवरच येईल.

हार्डबोर्ड थोडासाच फुगला असेल तर दोन दिवस उन्हात सपाट, वजनाखाली वाळवा आणि मागून, विशेषतः कडांना, वार्निशचे दोन हात द्या. पार गेला असेल तर रेक्झिन हळूच सोडवून तीन-चार मिलिमीटरच्या मरीन प्लायवर जुन्याच्या मापाने नवं पॅनल कापा. क्लिपची भोकं रेक्झिन चढवण्याआधी पाडायची. कडा चिकटवायला कुशनवाले वापरतात ते रबरी सोल्युशन चालतं: दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला ओढ लागेपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. ओलं असतानाच दाबलं तर धरत नाही.

पुसणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा. कुडाळकडच्या एका कुशनवाल्याचं म्हणणं असं: “रंग मारूक येळ लागना नाय, पुसूकच दिस जाता.”

आधी आठवून बघा, या रेक्झिनवर आजवर काय काय चोपडलं गेलं आहे. आपल्याकडे तीन गोष्टी हमखास असतात: खोबरेल तेल, रॉकेल आणि डॅशबोर्ड पॉलिश. खोबरेलाने चकाकी येते, पण धूळ धरून बुरशीला आयती मेजवानी मिळते. रॉकेल मळ काढतं आणि जाताना प्लास्टिसायझरही घेऊन जातं. पॉलिश सगळ्यात वाईट, कारण बऱ्याच पॉलिशांत सिलिकॉन असतं. त्याचा अंश जरी राहिला तरी ओला रंग त्या ठिकाणाहून मागे सरकतो आणि बारीक गोल खड्डे पडतात, पेंटरच्या भाषेत ‘फिशआय’. वरून आणखी रंग मारून ते भरत नाहीत.

पहिला टप्पा बुरशीचा. हे काम बाहेर, मोकळ्यावर आणि तोंडाला फडकं बांधून करा, कारण कोरडी बुरशी घासली की तिची पूड नाकात जाते. पांढरं व्हिनेगर समप्रमाण पाण्यात घालून फवारा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि ओल्या फडक्याने उचला. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. काळे ठिपके रेक्झिनमध्ये मुरलेले असतील तर ते पूर्ण जाणार नाहीत. बुरशी मेली तर डाग रंगाखाली झाकता येतो.

दुसरा टप्पा साबणाचा. कोमट पाण्यात भांड्यांचा साधा लिक्विड साबण आणि नायलॉनचा मऊ ब्रश. दाण्यांच्या खाचांत मळ बसलेला असतो, त्यामुळे ब्रश गोल गोल फिरवा. फेस राखाडी-तपकिरी निघेल. तो पुसा, पुन्हा घासा. पांढरा फेस पांढराच राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. पाणी बेताचं वापरा. मागे हार्डबोर्ड आहे हे विसरू नका. तारेची घासणी किंवा पॉलिश पेपर दाण्यांना लावू नका. एकदा दाणे गेले की तो भाग रंगानंतर गुळगुळीत चकाकतो आणि दुरूनही डोळ्यांत खुपतो.

तिसरा टप्पा चिकटपणाचा. पेंटच्या दुकानात मेण आणि ग्रीस काढणारं द्रव मिळतं. एका फडक्याने ते लावा आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर तेल नुसतं इकडचं तिकडे होतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. फडकी जुन्या सुती बनियनची, पुष्कळदा धुतलेली बरी; नव्या कपड्याचे तंतू चिकटतात.

मग परीक्षा. पॅनल उभं धरून त्यावर थोडं स्वच्छ पाणी सोडा. पाणी सलग पडद्यासारखं ओघळलं तर पास. अळवाच्या पानावर राहतात तसे थेंब झाले तर तिथे अजून तेल किंवा सिलिकॉन आहे, तिसरा टप्पा पुन्हा. पास झालेल्या पॅनलला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, हातमोजे घाला. एक पूर्ण दिवस वाळू द्या.

कुठला रंग, कुठली छटा

अमेरिकेत सेमचा कलर कोट, व्हीएचटीचा व्हिनाइल डाय, ड्युप्ली-कलरचा व्हिनाइल अँड फॅब्रिक असे कॅन या कामासाठी मुद्दाम बनतात. इथे ते मिळाले तर ऑनलाइन, महाग आणि सावकाश, कारण ज्वलनशील कॅन विमानाने सहजी पाठवत नाहीत. चार दारांना दोन-तीन कॅन लागतील असं धरा आणि एक जास्तीचा एकदमच मागवा. नंतर आलेल्या कॅनची छटा किंचित वेगळी निघू शकते.

दुसरा रस्ता ऑटो पेंटच्या दुकानाचा. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) रंग हव्या त्या छटेत मिसळून त्यात लवचिकपणासाठी अॅडिटिव्ह घालून देतात. उत्तम टिकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करायला मिसळतात त्या द्रवात, आयसोसायनेट हे रसायन असतं, ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. तो गनने मारायचं काम योग्य साधनं असलेल्या पेंटरकडेच द्या, घराच्या पडवीत नको.

खिडक्यांना मारतात तो ऑइल पेंट मात्र कितीही स्वस्त पडला तरी नको. रेक्झिनमधला प्लास्टिसायझर त्यात शिरतो आणि रंग महिनोन्महिने चिकट राहतो. शर्टाची बाही दाराला चिकटलेली जुनी गाडी तुम्हीही पाहिली असेल.

मूळ छटा शोधायची तर हँडलच्या चकतीखाली किंवा आर्मरेस्टमागे बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. तो भाग दिवसाच्या उजेडात जुळवा, मग ट्यूबलाइटखालीही बघा. एका उजेडात सारखे दिसणारे रंग दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. फिकटावर गडद सहज चढतो. गडदावर फिकट चढवायला इतके हात लागतात की दाणे बुजतात, म्हणून लाल रेक्झिन क्रीम करायचा बेत सोडून द्या. मला विचाराल तर मूळ छटाच ठेवा. काळा मारला की डाग लपतात हे खरं, पण जुन्या गाडीचा आतला उजेड जातो.

रंग मारताना

तोंडाला गाळणी-डबी असलेला, सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क हवा. एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत पसरतात. तेव्हा जवळ चूल, बंब, देवघरातला दिवा, विडी काही पेटतं नसावं.

क्रोमची पट्टी, चंदेरी रेघ, दिसणारी शिवण मास्किंग टेपने झाका. टेपची कड नखाने दाबून बसवा. पॅनल साधारण उभं, किंचित मागे कललेलं ठेवा. कॅन दोन मिनिटं चांगला हलवा आणि पहिला फवारा नेहमी पुठ्ठ्यावर उडवा, सुरुवातीचे जाड थेंब तिथे जातील. त्याच वेळी मागच्या दुमडलेल्या कडेवर थोडा मारून वाळवा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीला रंग आला तर पुसणं कमी पडलं आहे, थांबा.

अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर. हात पॅनलच्या बाहेर सुरू होऊन बाहेर संपला पाहिजे, आणि मनगट न वळवता अख्खा हात समांतर सरकला पाहिजे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा जुना रंग सरळ दिसेल आणि बघणारा ‘एवढंच?’ म्हणेल. तोच रुततो. पहिल्याच हातात सगळं झाकायला गेलात तर खाचांत रंग साचतो, ओघळ येतात आणि सॉल्व्हंट आत कोंडून रेक्झिन सुरकुततं. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात आडव्याऐवजी उभा, मग तिसरा. बहुधा तीन-चार हातांत भागतं. दोन हातांमध्ये किती थांबायचं हे डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्याचं ऐका. ओघळ आलाच तर बोट लावू नका. पूर्ण वाळल्यावर अल्कोहोलने तेवढा भाग मऊ करून पुसा आणि पुन्हा विरळ मारा.

शेवटचा हात थोडा बसला की टेप स्वतःकडे तिरकी ओढत काढा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तर कडेचा रंगही सोबत येतो.

वाळवणं, बसवणं, पहिला पावसाळा

अर्ध्या तासात बोटाला लागत नाही, म्हणून फसू नका. पॅनल एक दिवस उगाच हलवू नका, बसवायची घाई तीन-चार दिवस करू नका, आणि पुरता आठवडा त्यावर काही घासू नका, चोपडू नका. रात्री तेवढं अलगद आत घ्या, दंव लागू देऊ नका. वाळवताना दोन पॅनलं समोरासमोर टेकवून ठेवली तर एकमेकांना चिकटतील.

बसवताना जुन्या लोखंडी क्लिपा परत लावू नका. खाऱ्या हवेत त्या वर्षा-दोन वर्षांत गंजतात आणि गंजाचा पिवळा ओघळ नव्या रंगावर येतो. नायलॉनच्या क्लिपा आणि स्टेनलेसचे स्क्रू वापरा. प्रत्येक भोकात बोटभर ग्रीस लावा. पुढच्या वेळी उतरवणारा दुवा देईल.

पुढची निगा साधी आहे. ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसणं आणि हवं तर पाण्यावर आधारलेलं, सिलिकॉन नसलेलं, उन्हापासून जपणारं यूव्ही प्रोटेक्टंट. पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री घट्ट आवळून ठेवू नका, ओल आत कोंडते. छप्पर असेल तर उघडीच बरी. आठवड्यातून एकदा उघडीप बघून चारही दारं तासभर उघडी टाका. ओल शोषणाऱ्या पुड्या सीटखाली ठेवल्या तर त्या दर महिन्याला बदला किंवा उन्हात तापवा, नाहीतर त्याच ओलीचं घर होतात.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर प्रत्येक पॅनलच्या खालच्या कडेवरून कोरडं बोट फिरवा. ओलं लागलं तर त्याच दिवशी ते पॅनल उतरवा आणि तळाची भोकं तपासा. दोन-तीन दिवसांत सापडलेली ओल वाळते; श्रावणापर्यंत राहिलेली हार्डबोर्ड खाते.